जुने आणि जीर्ण

11 नोव्हेंबर 2006 रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन 3 हे व्हिडिओ गेमचे यंत्र विक्रीला आले आणि प्लेस्टेशन 2 जुने ठरले. मार्च 2000मध्ये बाजारात आलेल्या या जुन्या यंत्राचा जपानमधला पुरवठा मात्र 2012च्या अखेरीपर्यंत चालू राहिला. म्हणजे त्याचे जवळजवळ अर्धे आयुष्य वारसदार शेजारी उभा असताना गेले. मग त्या दिवशी ते जुने झाले म्हणजे नेमके काय झाले?

वैशेषिक दर्शनाच्या 24 गुणांत ‘परत्व’ आणि ‘अपरत्व’ असे दोन गुण येतात. काळाच्या संदर्भात परत्व म्हणजे थोरलेपण, अपरत्व म्हणजे धाकटेपण. रंग जसा वस्तूत असतो तसे हे गुण आधीपासून नसतात. दोन वस्तू एकमेकींशी ताडून पाहणाऱ्या बुद्धीमुळे, म्हणजे अपेक्षाबुद्धीमुळे, ते उपजतात. घरात दुसरे मूल जन्मले की पहिले थोरले होते. त्याच्या अंगात त्या दिवशी काहीच बदललेले नसते. प्लेस्टेशन 2चेही तसेच झाले.

जीर्ण होणे ही वेगळी गोष्ट, आणि मराठीने हे दोन शब्द निराळे ठेवले हे फार चांगले केले. प्लेस्टेशन 2मध्ये तबकडी वाचणारे लेझरचे भिंग असते. वापराने ते थकते. तबकडी आत फिरत राहते, पडदा काळाच राहतो आणि अखेर तबकडी वाचता येत नाही अशी सूचना उमटते. ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ या खेळाच्या अमेरिकेत विकल्या गेलेल्या कॅसेटमध्ये नाण्याएवढा सेल असे, तो संपला की साठवून ठेवलेला खेळ पुसला जाई. अशा झिजेला वारसदार यावा लागत नाही. सेल तर बंद कपाटातही संपत असतो.

जुने पण जीर्ण न झालेले यंत्र विकले जाते, यात म्हणूनच नवल नाही. अमेरिकेत प्लेस्टेशन 3ची सुरुवातीची किंमत 499 आणि 599 डॉलर होती, तेव्हा प्लेस्टेशन 2 129 डॉलरला मिळत होते. ‘गॉड ऑफ वॉर 2’सारखा मोठा खेळ मार्च 2007मध्ये आला तो जुन्या यंत्रासाठीच. जपान आणि अमेरिकेतल्या पहिल्या प्लेस्टेशन 3मध्ये तर प्लेस्टेशन 2च्या चिपाच बसवलेल्या होत्या, जुने खेळ चालावेत म्हणून. पुढे खर्च कमी करण्यासाठी त्या काढल्या गेल्या आणि जुन्या खेळांना जुन्याच यंत्राचा आधार उरला.

अपेक्षाबुद्धीला दोन्ही वस्तू नजरेसमोर लागतात. ज्या घरात प्लेस्टेशन 3 कधी आलेच नाही, तिथे प्लेस्टेशन 2 कशाच्या तुलनेत जुने म्हणायचे? 2009मध्ये भारतासाठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा खेळ तयार झाला तो प्लेस्टेशन 2साठी. तो घेणाऱ्या मुलाच्या हातातले खोके नवेच होते. यावर कोणी म्हणेल की गिऱ्हाइकाला नव्या यंत्राची माहिती असतेच. असेलही, पण त्या माहितीने जुन्या यंत्रात दोष शिरत नाही. थोरलेपणाला उणेपण समजणे ही बाजाराने लावलेली सवय आहे आणि ती चुकीची आहे.

अटारी कंपनीच्या यंत्रांच्या बाबतीत तर क्रमच उलटला. 1977च्या 2600 या यंत्राचा वारसदार म्हणून 1982मध्ये 5200 आले, पण 1984मध्ये ते बंदही पडले. 2600 मात्र 1992च्या आरंभापर्यंत टिकले. थोरल्याने धाकट्याला खांदा दिला.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम याहून चिवट. तो 1983मध्ये जपानमध्ये आला, 1990मध्ये सुपर फॅमिकॉम आला, तरी पहिल्याचे उत्पादन सप्टेंबर 2003पर्यंत सुरू होते: वारसदार आल्यानंतर जवळजवळ 13 वर्षे. त्यानंतरही कंपनी बिघडलेले फॅमिकॉम दुरुस्त करून देत राहिली. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा, ऑक्टोबर 2007च्या अखेरीस, ते कामही थांबले.