सरकार सावध करतं तेव्हा

१३ नोव्हेंबर २०१५च्या रात्री पॅरिसमध्ये १३० माणसं मारली गेली. कुणी बाताक्लाँ सभागृहात गाणी ऐकायला आलं होतं, कुणी कॅफेबाहेर जेवायला बसलं होतं. दहा दिवसांनी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या नागरिकांसाठी एक इशारा काढला. तो फ्रान्सपुरता किंवा युरोपपुरता नव्हता, साऱ्या जगासाठी होता आणि त्याची मुदत २४ फेब्रुवारी २०१६पर्यंत होती. इसिस, अल कायदा, बोको हराम यांच्या हल्ल्यांची शक्यता आहे, गर्दीच्या जागी आणि प्रवासात सावध राहा, असं त्यात म्हटलं होतं. जाऊ नका, असं म्हटलं नव्हतं.

इशारा अमेरिकनांसाठी होता, पण त्याची बातमी आपल्याही टीव्हीवर आली. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत तेव्हा युरोपची तिकिटं काढून ठेवलेली होती. कुणाची नाताळच्या सुट्टीतली सहल, कुणाच्या लेकीचं बाळंतपण. त्या घरांतून एकच प्रश्न निघाला, जायचं का? आणि त्याचं उत्तर त्या सरकारी कागदात असेल अशा समजुतीने सगळे तो कागद वाचू लागले. मला वाटतं, आपली गल्लत इथेच होते. असा कागद मुळात कशासाठी निघतो, हे आधी पाहायला हवं.

५ डिसेंबर १९८८ रोजी हेलसिंकीतल्या अमेरिकन वकिलातीत एक निनावी फोन आला. येत्या दोन आठवड्यांत फ्रँकफर्टहून अमेरिकेला जाणाऱ्या पॅन अ‍ॅमच्या विमानात बॉम्ब असेल, असं फोन करणाऱ्याने सांगितलं. ही माहिती विमान कंपन्यांना आणि वकिलातींना कळवण्यात आली. मॉस्कोच्या वकिलातीने तर ती आपल्या सूचनाफलकावर लावली आणि प्रवासाचा बेत बदलायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, असं कळवलं. तिकीट काढून बसलेल्या सर्वसामान्य प्रवाशाला मात्र कुणी काही सांगितलं नाही. २१ डिसेंबरला पॅन अ‍ॅमचं १०३ क्रमांकाचं विमान स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर फुटलं. विमानातले २५९ आणि गावातले ११ जण गेले. युरोपात एक सत्र शिकून नाताळसाठी घरी निघालेले सिराक्यूज विद्यापीठाचे ३५ विद्यार्थी त्यांत होते.

हेलसिंकीचा फोन खोडसाळ होता, प्रत्यक्ष कटाशी त्याचा संबंध नव्हता, असा निष्कर्ष पुढे निघाला. नातेवाइकांचं त्याने समाधान झालं नाही, आणि व्हायला नकोच होतं. वकिलातीतल्या माणसाला बेत बदलायची संधी मिळाली, ती आमच्या मुलांना का मिळाली नाही, एवढंच ते विचारत होते. त्यांनी हा प्रश्न लावून धरला. १९९० साली अध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला, त्याच वर्षी कायदा झाला. धोक्याची जी माहिती सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना देईल ती सामान्य नागरिकांनाही द्यायची, हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं धोरण झालं. आज आपण ज्याला ‘प्रवास इशारा’ म्हणतो त्याच्यामागे मुलं गमावलेल्या आईबापांची ही लढाई आहे. म्हणून अशा इशाऱ्यांना सरकारी घबराट म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण याच इतिहासातून इशाऱ्याची मर्यादाही कळते. माहिती हाती आली की ती सांगणं सरकारला भाग आहे. हल्ला कुठे, कधी, कोण करणार हे नेमकं कळलं असतं तर सरकारने धरपकड केली असती, पत्रक काढलं नसतं. ज्याचा ठावठिकाणा लागलेला नाही तेच बहुधा पत्रकात येतं. त्याच नोव्हेंबरात ब्रसेल्समध्ये धोक्याची पातळी सर्वांत वरच्या, चौथ्या टप्प्यावर नेली होती. मेट्रो बंद, शाळा बंद. त्या दिवसांत काही घडलं नाही. पातळी खाली आली, अमेरिकेच्या जागतिक इशाऱ्याची मुदतही संपली आणि २२ मार्च २०१६च्या सकाळी ब्रसेल्सचा झाव्हेंटेम विमानतळ आणि मालबेक मेट्रो स्थानक इथल्या स्फोटांत ३२ जणांचा बळी गेला. मुंबईहून नेवार्कला जाणारं जेट एअरवेजचं विमान तेव्हा ब्रसेल्समार्गे जायचं, आपल्याकडच्या अनेकांच्या ओळखीची ती वाट. त्या सकाळी विमानतळावर जेटचे कर्मचारीही जखमी झाले.

आणि पहलगाम. २२ एप्रिल २०२५ला बैसरणच्या कुरणात २६ जणांना मारलं, त्यांत सहा जण महाराष्ट्राचे होते, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. पर्यटकांनी काश्मीरला जाऊ नये अशी आपल्या सरकारची कोणतीही जाहीर सूचना त्याआधी नव्हती. उलट २ ऑगस्ट २०१९ला जम्मू-काश्मीरच्या गृहखात्याने दहशतवादी धोक्याचं कारण देऊन अमरनाथच्या यात्रेकरूंना आणि पर्यटकांना ताबडतोब परतायला सांगितलं होतं. तीनच दिवसांनी कलम ३७० विषयीचा निर्णय संसदेत आला. दरम्यान सामान बांधून निघालेल्या यात्रेकरूला इशाऱ्यामागे आणखी काय शिजतंय हे कळायला काही मार्ग नव्हता. इशारा असला म्हणजे धोका तेवढाच, आणि नसला म्हणजे धोका नाही, यातलं एकही गृहीतक या घटनांपुढे टिकत नाही.

मग आकड्यांवर विसंबावं का? गेर्ड गिगरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या अमेरिकेचा अभ्यास केला. विमानाच्या धास्तीने लोक मोटारींनी लांबचे प्रवास करू लागले आणि त्याच्या अंदाजाप्रमाणे पुढच्या वर्षभरात त्यामुळे रस्त्यांवर सुमारे १५०० जास्तीचे मृत्यू झाले. भारतात २०१५ या एका वर्षात रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ४६ हजार माणसं गेली. पॅरिसचा बेत रद्द करून गाडीने कोकणात जाणाऱ्या कुटुंबाने हे ध्यानात घ्यायलाच हवं. तरीही केवळ आकडे मांडून कुणाची भीती खोटी ठरवणं मला मान्य नाही. घाटात समोरून येणाऱ्या ट्रकचालकाला आपल्याला मारायचं नसतं. दहशतवाद्याला मारायचंच असतं. हा फरक माणसाला आतून जाणवतो, आणि जाणवावाच.

माझ्या मते प्रश्न धोक्यापासून सुरू न करता कामापासून सुरू करावा. कशासाठी जायचंय? आपण गेलो नाही तर कुणाचं काय अडेल? २०१५च्या त्या हिवाळ्यात माझ्या माहितीतल्या एका घराने युरोप सहल रद्द केली. बरोबर आजी-आजोबा होते, दोन लहान मुलं होती, आणि सहलीतला जवळजवळ प्रत्येक दिवस गर्दीच्या चौकांतला, नाताळ बाजारांतला होता. आयफेल टॉवर पुढच्या वर्षीही तिथेच असणार होता. रद्द करण्याचे पैसे गेले, त्याचं त्यांना वाईट वाटलं, पण निर्णय योग्यच होता. (इथे एक व्यवहाराची गोष्ट. विमा आधीच घेतलेला असेल तर त्यातलं दहशतवादाविषयीचं कलम वाचावं. इशारा जाहीर झाल्यावर घेतलेला विमा त्याच कारणासाठी रद्द केलेल्या सहलीची भरपाई बहुधा देत नाही.) त्याच आठवड्यात त्याच बातम्या ऐकून दुसरं कुणी निघालं असेल तर तेही योग्यच असू शकतं.

कधी कधी कुणाच्या येण्यालाही मोल असतं. इंग्लंडचा क्रिकेट संघ मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्यानंतर भारताचा दौरा अर्धवट सोडून मायदेशी गेला आणि दोन आठवड्यांच्या आत परत आला. मुंबईची कसोटी मोहालीला हलवली गेली. ११ डिसेंबर २००८ला चेन्नईत पहिला सामना सुरू झाला, भारताने ३८७ धावांचं लक्ष्य गाठलं, सचिनने शतक केलं आणि ते मुंबईला अर्पण केलं. त्या संघाभोवती कडेकोट बंदोबस्त होता, सामान्य प्रवाशाला तो मिळत नाही, हे खरं. तरी त्या खेळाडूंचं परत येणं मुंबईकरांना किती मोलाचं वाटलं, हे त्या दिवसांत इथे असलेल्यांना सांगावं लागणार नाही.

ज्यांच्या गावावर इशारा येतो त्यांची बाजू फार कमी वेळा बोलली जाते. २६ जून २०१५ला ट्युनिशियात सूस इथल्या किनाऱ्यावर एका बंदूकधाऱ्याने ३८ पर्यटकांना मारलं, त्यांतले ३० ब्रिटिश होते. ९ जुलैला ब्रिटनने अत्यावश्यक काम नसेल तर ट्युनिशियाला जाऊ नका असं सांगितलं आणि तिथे असलेल्यांना परत यायला सांगितलं. आपले ३० नागरिक गमावलेल्या सरकारने याहून वेगळं काय करायचं? पण हा सल्ला २०१७च्या जुलैपर्यंत, दोन वर्षं, राहिला. हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बाया, टॅक्सीवाले, किनाऱ्यावर छत्र्या लावणारे यांनी कुणावर गोळी झाडली नव्हती. पहलगामच्या घोडेवाल्यांचंही तेच. केवळ त्यांच्यासाठी कुणी आपल्या मुलांना घेऊन जावं असं मी म्हणणार नाही. पण जायचं की नाही याचा हिशेब मांडताना हेही त्यात धरावं, असं मला मनापासून वाटतं.

राहता राहिला एक मुद्दा, आणि तो आपल्या घरातला आहे. माझ्या परिचयातल्या एका बाईंची लेक पॅरिसजवळ राहते. जानेवारी २०१६मध्ये तिचं बाळंतपण होतं. हल्ल्यानंतर लेक आणि पुण्यातला मुलगा रोज फोनवर बोलत होते. आईला यातलं काही सांगायचं नाही, विमान रद्द झालं म्हणून सांगू, असं त्या दोघांनी जवळजवळ ठरवलं होतं. दोघांनाही आईची काळजी होती. पण लॉकरबीच्या नातेवाइकांनी ज्याविरुद्ध आवाज उठवला तेच हे होतं. माहिती एकाकडे, आणि जाणारा अंधारात. बाईंना सुगावा लागला तेव्हा त्या रागावल्या. इशाऱ्यात काय लिहिलंय ते त्यांनी मुलाकडून शब्दन् शब्द वाचून घेतलं. लेकीच्या घरापासून इस्पितळ किती लांब आहे, जाताना मेट्रो लागते की गाडीने जाता येतं, काही झालंच तर भारतीय दूतावासाचा फोन कुठला, हे विचारून वहीत लिहून घेतलं. पॅरिस बघायला नेण्याचा जावयाचा बेत त्यांनी रद्द करायला लावला. तिकीट मात्र होतं त्याच तारखेचं ठेवलं.