पांढरी कोणाची?

आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पैकी काळी निसर्गाने दिलेली असते; पांढरी मात्र माणसांनी घडवलेली असते. पिढ्यान्‌पिढ्या चुलीतली राख, गोठ्यातले शेण, पडलेल्या भिंतींची माती, फुटकी खापरे एकावर एक साचतात आणि हळूहळू गाव टेकाडावर येऊन बसते. ही पांढरी कोणाची, असा प्रश्न सरळपणे विचारला तर ‘जो तिच्यावर राहिला, राबला त्याची’ असे उत्तर कोणीही देईल. पण आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात प्रश्न इतका सरळ विचारला जात नाही. इथे विचारतात, ‘आधी कोण?’

हा प्रश्न आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि त्याची उत्तरेही दोन्ही बाजूंना पाठ आहेत. आपण सोलापूरजवळच्या हत्तरसंग कुडलच्या १०१८ सालच्या मराठी शिलालेखाकडे बोट दाखवतो. समोरचा पंढरपूरच्या देवळातील होयसळ राजा सोमेश्वराच्या १२३७ सालच्या कानडी-संस्कृत लेखाकडे बोट दाखवतो. आपण श्रवणबेळगोळच्या बाहुबलीच्या पायाशी असलेल्या मराठी ओळी सांगतो. तो त्यांच्याच शेजारच्या कानडी ओळी वाचून दाखवतो. भांडण पुराव्यांचे आहे. ‘जो आधी आला त्याचा हक्क मोठा’ हे तत्त्व मात्र दोघांनाही मान्य आहे. मला शंका आहे ती या तत्त्वाविषयीच. आणि ते तपासायचे तर आपला स्वार्थ जिथे गुंतलेला नाही, असे दूरचे एखादे गाव घेतलेले बरे.

उज्जैनच्या पूर्वेला सुमारे पंचवीस किलोमीटरवर, छोटी कालीसिंध नदीच्या काठी कायथा नावाचे गाव आहे. महाकालाच्या दर्शनाला जाणाऱ्या लाखो यात्रेकरूंपैकी क्वचितच कोणी तिकडे वळत असेल. १९६४ साली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी या गावाच्या पांढरीचे मोल ओळखले. नीमचला जन्मलेले आणि उज्जैनमध्ये आयुष्य घालवलेले हे मराठी गृहस्थ. भीमबेटकाची चित्रे १९५७ साली जगापुढे आणली ती त्यांनीच. कायथ्याला त्यांनी उत्खनन केले आणि पुढे १९६८ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. मधुकर ढवळीकर व डॉ. अन्सारी यांनी विक्रम विद्यापीठाच्या सहकार्याने ते काम पुढे नेले.

टेकाडाच्या तळाशी इसवी सनापूर्वी सुमारे २४०० ते २००० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती सापडली. तपकिरी लेप देऊन त्यावर जांभळट रंगाने रेखाटलेली त्यांची भांडी इतकी वेगळी होती, की त्या संस्कृतीला या आडगावाचेच नाव मिळाले. साच्यात ओतलेल्या तांब्याच्या कुऱ्हाडी, तांब्याच्या बांगड्या, अकीक व कार्नेलियनच्या मण्यांचे दोन हार, एक १७५ मण्यांचा व दुसरा १६० मण्यांचा, हे सारे मडक्यांत जपून ठेवलेले होते. आणखी एका मडक्यात तर संगजिऱ्याचे सुमारे चाळीस हजार बारीक मणी होते. ज्या बायांनी हे दागिने ठेवले त्या ते न्यायला परत आल्या नाहीत. गाव ओस पडले.

मध्ये शंभरएक वर्षे गेली. मग राजस्थानातील आहाड संस्कृतीचे लोक आले. त्यांची काळी-तांबडी भांडी आणि मातीचे बैल वरच्या थरात मिळाले. त्यांच्यानंतर माळवा संस्कृतीचे लोक. त्याही वर ऐतिहासिक काळाचे थर, थेट गुप्तकाळापर्यंत, आणि सर्वांत वर आजचे गाव. आता ‘आधी कोण?’ हा निकष इथे लावून पाहा. खरा हक्कदार तळातला. पण त्याचे नाव नाही, जात नाही, त्याने लिहून ठेवलेले एक अक्षर नाही. तो कोणती भाषा बोलत होता हे सांगता येत नाही. ज्या निकषाचा लाभ घेणारा कोणी उरतच नाही, तो न्यायाचा निकष कसा म्हणायचा? आपण तो वापरतो तेव्हा प्रत्यक्षात तळापर्यंत जात नाही. आपल्याला सोयीच्या थरापाशी कुदळ थांबवतो आणि तिथून इतिहास सुरू झाला असे जाहीर करतो.

या माळवा संस्कृतीचे आणखी एक सांगायचे आहे. तिचीच खापरे दायमाबादला, तापीकाठच्या प्रकाशे येथे आणि घोड नदीवरच्या इनामगावला मिळाली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० मध्ये माळव्यातले शेतकरी दक्षिणेकडे सरकत आपल्या मुलखात उतरले. त्यानंतर तेहतीसशे वर्षांनी मराठे उलट्या वाटेने माळव्यात गेले. १७४१ मध्ये पेशव्यांना माळव्याची सुभेदारी मिळाली, उज्जैन शिंद्यांची राजधानी झाली आणि राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले. मग उज्जैनचा मराठी माणूस तिथे परका, की हजारो वर्षांनी घरी परतलेला? दोन्ही उत्तरे सारखीच हास्यास्पद आहेत.

इथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. ‘कोणीच मूळचा नाही’ हे वाक्य बलवानाच्या फार उपयोगी पडते. ज्याची शाळा बंद होते, ज्याला कचेरीतला कागद वाचता येत नाही, त्याला इतिहासाचे थर दाखवून गप्प बसवणे हा अन्यायच होय. हातातला शिलालेखही काढून घेतला तर दुबळ्याने कशाच्या आधारे उभे राहायचे?

माझे उत्तर असे, की आपला हक्क शिलालेखावर कधी उभाच नव्हता. तो आज जिवंत असलेल्या मुलावर उभा आहे. आपल्या राज्यघटनेत १९५६ साली ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे ते सांगते. त्या मुलाचे पूर्वज कोणत्या शतकात आले, हे ते विचारीत नाही. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून मला हे कलम कोणत्याही ताम्रपटाहून मोठे वाटते. पाच वर्षांच्या मुलाला पहिले अक्षर घरच्या भाषेतून समजते, एवढे कारण पुरेसे आहे. मात्र हे मान्य केले की ते दोन्हीकडे लागू होते. खानापूर-निपाणीच्या मराठी मुलाला जे हवे, तेच जत-अक्कलकोटच्या कानडी मुलालाही दिले पाहिजे. ‘आधी कोण’ या निकषात एकाचे जिंकणे म्हणजे दुसऱ्याचे हरणे असते. या निकषात तसे नाही. आणि म्हणूनच तो पाळणे जड जाते.

मग इतिहास कशासाठी शिकवायचा? दावा सांगण्यासाठी नव्हे, तर ऋण ओळखण्यासाठी. कायथ्याविषयीच एक चर्चा आहे. वराहमिहिराने आपले गाव म्हणून ज्या कपित्थकाचा निर्देश केला, ते हेच, असे अनेक विद्वान मानतात. काहींचे मत वेगळे आहे. कपित्थ म्हणजे आपले कवठ. आपल्याकडेही कवठे नावाची गावे थोडी नाहीत. पण सहाव्या शतकातील त्या ज्योतिर्विदाचे गाव ठरवण्यापेक्षा त्याची वृत्ती पाहावी. पंचसिद्धान्तिकेत त्याने ज्या पाच सिद्धान्तांचा सार दिला, त्यांत रोमक आणि पौलिश हेही होते. यवनांचे ज्योतिष चांगले आहे म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान द्यावा, असे त्याने बृहत्संहितेत स्पष्ट सांगितले. ज्ञान कोणाकडून आले ते त्याने लपवले नाही आणि आधी कोणाचे, म्हणून ते नाकारलेही नाही.

पांढरीवर नवे घर बांधताना पाया खणला की जुनी खापरे निघतात. शहाणा माणूस ती कोणाची याचा वाद घालीत बसत नाही आणि ती फेकूनही देत नाही. एक गोष्ट तो जाणून असतो, की आपली भिंतही एक दिवस याच मातीत मिसळणार आहे आणि तिच्यावर कोणीतरी चूल मांडणार आहे. त्याची बोली कोणती असेल ते आपल्या हाती नाही. त्याच्या वाट्याला कशी पांढरी ठेवायची, एवढे मात्र आपल्या हाती आहे.