हाक आणि ओ

हाक मारणाऱ्याने ओ येईपर्यंत जागेवर थांबावे की नाही, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांना पडला नसावा. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. माझ्याकडे आहे.

विंडोजमध्ये एक सोय आहे. विंडोजची खूण असलेले बटण धरून १ दाबला की खालच्या पट्टीवरचा पहिला प्रोग्रॅम हजर! तुम्ही पत्र लिहीत असा की हिशेब मांडीत असा, ही हाक घरभर ऐकू जाते. गडी आधीच कामावर असला तर नुसता पुढे येतो. दुसरा गडी हवाच असेल तर जोडीला शिफ्ट दाबावी लागते. शिवाय अशी घरभर जाणारी हाक दोघांना वाटून घेता येत नाही. जो आधी नाव नोंदवील त्याची; मागून येणाऱ्याला सरळ नकार. चाळीत ‘बाळूऽऽ’ म्हटले की तीन बाळू धावतात, तसले काही नाही.

घोटाळा पुढेच आहे. काही प्रोग्रॅम अंगाने जड. उठून, आळोखेपिळोखे देऊन येईपर्यंत मी दुसऱ्याच खिडकीत पत्र लिहायला लागलेला असतो. आता त्याने काय करावे? ‘तुम्हीच बोलावलंत की!’ म्हणत पत्रावर येऊन बसावे? मग माझी अर्धी ओळ त्याच्या पोटात जाणार. पासवर्ड टाइप करीत असलो तर तोही, उघड्यावर!

विंडोज ९८ पासून याला शिस्त लागली. तुम्ही दरम्यान दुसरीकडे वळलात, तर उशिरा आलेल्याला सहसा पुढे घुसता येत नाही. खालच्या पट्टीवर त्याचे बटण नुसते लुकलुकते.

मला हा निवाडा थोर वाटतो. मघाशी हाक मारणारा मी आणि आत्ता पत्र लिहिणारा मी, या दोघांच्या भांडणात यंत्र आत्ताच्या माझ्या बाजूने उभे राहते. माणसे असे करीत नाहीत. ‘तूच म्हणाला होतास ना?’ या एका वाक्यावर कित्येक संसार रेटले जातात.

मग दिल्या शब्दाला किंमत काय, असे तुम्ही विचाराल. आहे ना! आलेल्याला कुणी हाकलले नाही. तो लुकलुकत दाराशी उभा आहे आणि सवड होताच त्याच्याकडे बघायचे माझ्यावर बंधन आहे. बोलावण्याने येण्याचा हक्क मिळतो, मांडीवर बसण्याचा नव्हे.

‘या एकदा सवडीने’ असे मी ज्यांना ज्यांना म्हटले आहे, त्यांना हे कोणी समजावील काय? दाराशी लुकलुकायला माझी मुळीच हरकत नाही.