उसनी तीस वर्षं

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या या अंकासाठी दरवर्षी मी काहीतरी लिहून देतो. मागच्या वर्षी पादुकांवर लिहिलं, त्याआधी भिक्षेवर. यंदा मरणावर लिहितोय. जन्मोत्सवाच्या अंकात हा विषय कशाला, असं मंडळातल्या एकदोघांनी विचारलंही. त्यांना मी एवढंच म्हटलं, की तुम्ही सप्ताहाला बसता ना? दुसरा दिवस एकविसाव्या अध्यायाला संपतो, तिथे मेलेलं पोर आहे. चौथा दिवस तिसाव्या अध्यायाने सुरू होतो, तिथे मेलेला नवरा आहे. पाळणा म्हणायच्या आधी आपण दोन प्रेतांपाशी बसून आलेलो असतो. पोथीने टाळलं नाही ते आपण का टाळायचं?

खरं कारण वेगळं आहे. कार्तिकात आमच्या गल्लीतला एक तरणा मुलगा संध्याकाळी घरी आला. बाप तीन महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेला. जळगावला नेऊन आणलं, आता घरीच ठेवा म्हणाले. तो ओट्यावर बसला, बराच वेळ चप्पल पायाने मागेपुढे करत राहिला, आणि म्हणाला, "काका, आई म्हणते पारायण करा. तुम्ही वाचसान का? पन एक खरं सांगा. वाचल्यानं बापू उठतीन का?"

मी बँकेत छत्तीस वर्षं कारकून होतो. काउंटरवर कुणी काही विचारलं की खातं पाहून उत्तर द्यायचं, अंदाजाने बोलायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. या प्रश्नाला मात्र माझ्यापाशी लेजर नव्हतं. "उद्या सांगतो," म्हटलं आणि त्याला पाठवलं. तो उद्या काही आठ दिवस उजाडला नाही.

कारण हाच प्रश्न माझ्या घरात सात वर्षांपूर्वी विचारला गेला होता. आमची मंडळी आजारी होती. संकल्प सोडून मी सप्ताह धरला. तिची खाट देवघराच्या दारापाशी आणली होती, म्हणजे तिला ऐकू जावं. चौथ्या दिवशी तिसावा अध्याय आला. माहूरच्या गोपीनाथाचा मुलगा, क्षयाने झिजलेला, बायको सावित्री त्याला डोलीतून गाणगापूरला घेऊन येते आणि गावात पोचता पोचता तो जातो. पुढे बत्तिसाव्या अध्यायात श्रीगुरू रुद्राभिषेकाचं तीर्थ शिंपतात आणि प्रेत उठून बसतं. मी पोथी कपाळाला लावली. ती खाटेवरून म्हणाली, "तो उठला. चांगलं झालं. अहो, तिच्या पुण्याईनं नवरा उठला. बायकोसाठी नवऱ्याची पुण्याई चालत असंन का?" मी हसलो. तीही हसली. पाचवा दिवस अडतिसाव्या अध्यायाला संपला, आणि त्या रात्री ती गेली. सुतक आलं, पोथी राहिली. लाल कापडात गुंडाळलेली, अडतिसाव्यावर खूण घातलेली पोथी मी पुढे तीन वर्षं सोडली नाही. राग होता म्हणा ना. खोटं कशाला बोलू?

त्या तीन वर्षांत मी पोथी सोडून बाकीचं वाचलं. कॉमर्सचा माणूस मी, कवितेशी संबंध शाळेपुरताच. पण आपल्या खानदेशात मरणाशी बोललेली माणसं काही कमी नाहीत. सगळ्यात आधी बहिणाबाई हाती लागल्या. आसोद्याला 1880 साली जन्मलेली, अक्षरओळख नसलेली बाई. तिशीत नवरा गेला, पदरात तीन मुलं. त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी आणि मावसभावाने लिहून ठेवल्या म्हणून आपल्याला मिळाल्या; 1952 मध्ये त्या छापून आल्या तेव्हा बाई जाऊन वर्ष होत आलं होतं. वैधव्यावरची त्यांची कविता वाचली तेव्हा मला एकदम पोथीतली सावित्री आठवली. दुःख एकच, दोघींपुढे. पोथीतल्या सावित्रीला तपस्व्याच्या वेषात आलेले श्रीगुरू दोन वाटा सांगतात, सहगमन किंवा विधवेचे कडक नेम. (ते नेम आज कुणी सुनेला-लेकीला वाचून दाखवून गप्प बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पोथी वंद्य आहे, पण ती काळाच्या हाताने लिहिली गेली आहे.) ती सहगमन निवडते आणि तिचा नवरा परत येतो. जळगावच्या बहिणाबाईंचा नवरा परत आला नाही. त्या काय म्हणतात? कुंकू गेलं, पण कपाळावरचं गोंदण कुणाला पुसता येतंय? बांगड्या फुटल्या, पण मनगट शाबूत आहे. आणि बघायला आलेल्या बायकांना बजावतात, की मला तुमची कीव नको. तिथे तीर्थ नाही, भस्म नाही, चमत्कार नाही. पण एक बाई उठून बसलेली आहे. मला तर वाटतं तेही एक उठणंच झालं.

त्याच बहिणाबाई दुसरीकडे सांगतात की जगण्या-मरण्यात अंतर ते किती, एका श्वासाचं. हे वाक्य कुणी प्रवचनात बोललं असतं तर मी मान डोलावून घरी आलो असतो. पण मी ती रात्र खाटेपाशी बसून श्वास मोजलेला माणूस. ते अंतर मी पाहिलेलं आहे. शेतात, चुलीपुढे काम करणाऱ्या बाईने ते असं बोटावर मोजल्यासारखं सांगावं, याचं मला नवल वाटतं.

तुकोबांचं वेगळं. आपलं मरण आपणच पाहिलं आणि तो सोहळा झाला, असं ते म्हणतात. ते मीपणाचं मरण, देहाचं नव्हे. अभंग थोर आहे, यात वाद नाही. तरी आजारी माणसाच्या उशाशी बसून तो म्हणू नये. आम्ही निरोगी लोक फार सहज दुसऱ्याला सोहळा करायला सांगतो.

नाथांचा कपोत मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला. एकनाथ महाराज म्हणजे देवगडच्या जनार्दनस्वामींचे शिष्य, आपल्याच परंपरेतले. काशीत 1573 मध्ये त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पुरी केली. त्यात यदुराजाला चोवीस गुरू सांगणारा अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभूच, असं आपण मानतो. त्या चोवीसांत एक कपोत आहे. पारध्याच्या जाळ्यात पिल्लं पडतात, त्यांच्यासाठी कपोती पडते, आणि सगळं गेल्यावर कपोत जाणूनबुजून त्याच जाळ्यात उडी घेतो. अवधूत म्हणतो, अतिआसक्ती अशी नाश करते, हे मी त्याच्याकडून शिकलो. बरोबर आहे. शिकवण पटते. पण नाथांनी त्या कपोताचा विलाप असा काही लिहिलाय की शिकवण येईपर्यंत आपले डोळे भरलेले असतात. ज्याला आसक्ती कळलीच नाही त्याला असा विलाप लिहिता येईल का? घर रिकामं झाल्यावर पहिल्या वर्षी मला कपोतच कळत होता, अवधूत नव्हे.

आणि मुक्ताई. आपल्या तापीकाठी, मेहूण-कोथळीच्या त्या परिसरात, शके 1219 म्हणजे 1297 मध्ये, जेमतेम अठरा वर्षांची मुक्ताई वीज कडाडली आणि दिसेनाशी झाली. नामदेवरायांच्या अभंगांतून हे आपल्यापर्यंत आलं. त्याआधी वर्षभरातच ज्ञानोबा आळंदीला समाधिस्त झाले, तेही नामदेवांनीच गायलं. त्यात मला धरून ठेवतात ते निवृत्तिनाथ. ज्ञानोबांचे गुरू ते, त्यांनीच ज्ञान दिलं, आणि तेच सगळ्यांत जास्त रडतात. नामदेवांनी ते झाकलं नाही. ज्ञान्याने रडू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी समाधीचे अभंग एकदा नीट वाचावेत.

आता आपल्या औदुंबराकडे येतो. धरणगावला जन्मलेल्या बालकवींची औदुंबर नावाची आठ ओळींची कविता तुम्ही शाळेत पाठ केली असेल. झरा, गाव, शेतं, पायवाट, आणि शेवटी डोहाच्या पाण्यात पाय सोडून बसलेलं ते झाड. मरणाचा शब्दही नाही तिच्यात. तरी जाणकार लोक त्या झाडावर वर्षानुवर्षं वाद घालत आलेत, की ते विरक्त आहे की उदास. मला एवढंच दिसतं, की पायवाट गावातून निघते आणि त्या डोहापाशी संपते, आणि तिथे कुणीतरी आधीपासून बसलेलं आहे. बालकवी 1918 च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. वय सत्तावीस. जळगावहून भुसावळला गाडीने जाताना भादली आलं की मी अजून हात जोडतो. शेजारचा प्रवासी बघतो, इथे कुठलं देऊळ म्हणून.

याच औदुंबराखाली पोथीतलं ते मेलेलं पोर आणलेलं आहे. शिरोळची बाई. मुलं जगत नव्हती. मागल्या जन्मी एका ब्राह्मणाचं घेतलेलं कर्ज बुडवलं, हे त्याचं कारण पोथी सांगते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमी औदुंबराची सेवा करून तिला मुलगे झाले, आणि त्यातलाच एक तीन वर्षांचा होऊन गेला. ती प्रेत सोडत नाही. ब्रह्मचारी येतो, पंचमहाभूतांचं ज्ञान सांगतो. ती ऐकून घेते आणि देवालाच विचारते, की मग दिलंस कशाला? पूजेला देवळात जावं आणि देऊळच अंगावर पडावं, तसं केलंस. प्रेत घेऊन ती औदुंबरापाशी जाते, पादुकांवर डोकं आपटते, पादुका रक्ताने भिजतात. हे सगळं सरस्वती गंगाधरांनी ओवीत लिहिलंय आणि आपण दरवर्षी सोवळ्यात बसून वाचतो. तिला कुणी नास्तिक म्हणत नाही. तिच्या भांडणाला पोथीत जागा आहे. तीन वर्षं पोथी न उघडणाऱ्या मला हे कळलं तेव्हा वाटलं, मी उगाच बाहेर बसून राहिलो. हे भांडण आत बसूनही करता आलं असतं.

मग मी पोथी सोडली आणि अडतिसाव्यावरची खूण काढण्याआधी मागे बत्तिसाव्यावर गेलो. तिथे एक गोष्ट आहे, जी इतकी पारायणं करूनही माझ्या नजरेतून सुटली होती. कारकुनाच्या नजरेतून सुटली, याची लाज वाटली. प्रेत उठल्यावर एक चिकित्सक ब्राह्मण विचारतो, ब्रह्मलिखित टळत नाही म्हणता, मग हे कसं झालं? श्रीगुरू सांगतात, याच्या पुढच्या जन्मातली तीस वर्षं उसनी मागून आणली.

उसनी! म्हणजे माफी नाही. नवी रक्कम जमा झाली नाही. एका खात्यातून उचलून दुसऱ्यात टाकली, आणि पुढच्या खात्याला तेवढी नावे पडली. तो मनुष्यही तीस वर्षांनी जाणारच होता. सावित्रीला त्या दिवशी जे मिळालं ते मुदतवाढ होती. मी बँकेत असताना मयत खातेदाराचं काम बरीच वर्षं माझ्या टेबलावर होतं. मृत्यूचा दाखला, वारसांच्या सह्या, नॉमिनीची नोंद. काउंटरपलीकडे बाई उभी असायची, नवं कोरं कपाळ घेऊन, आणि मी म्हणायचो, "इथं अंगठा, इथं सही." चुकीचं काही केलं नाही, पण वर पाहिलंही नाही फारसं. आता दर नोव्हेंबरात मीच हयातीचा दाखला द्यायला त्या काउंटरपलीकडे उभा राहतो. पलीकडची मुलगी वर न पाहता म्हणते, "काका, इथं अंगठा." यंदा मशीनवर माझा अंगठा तीनदा उमटला नाही. चौथ्यांदा मी जिवंत ठरलो.

आणि श्रीगुरू स्वतः? कर्दळीवनाकडे निघाले तेव्हा फुलांचं आसन करून नदीतून गेले. लोकांना वाटेल मी गेलो, पण मी गाणगापुरातच आहे, असं सांगून गेले, आणि मागे चार शिष्यांसाठी प्रसादाची फुलं पाठवली. मरण हा शब्द पोथी तिथे वापरतच नाही. पूर्वी मला ती पळवाट वाटायची. आता वाटतं, ज्याने दुसऱ्यांसाठी आयुष्य उसनं आणलं त्याने स्वतःसाठी एक दिवसही मागितला नाही, हे तिथे पाहायचं आहे.

आठ दिवसांनी मी वाघूरच्या पुलाकडून फिरून येताना त्या मुलाच्या घरी गेलो. त्याला बाहेर बोलावलं आणि जे होतं ते सांगितलं. "भाऊ, उठतील की नाही, मला माहीत नाही. माझ्या घरी नाही उठली. पण ती ऐकत होती, आणि मी तिच्यापाशी होतो. नाहीतर मी त्या सात दिवसांत डॉक्टर, रिपोर्ट, फोन करत गावभर पळत राहिलो असतो. ते पाच दिवस मला पोथीने बसवलं." तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मंग वाचा."

मोक्षदा एकादशीनंतरचा मुहूर्त वगैरे न पाहता आम्ही लगेच बसलो. बापूंची खाट दारापाशी ओढली. सोवळ्याचं जमेल तेवढं केलं. पहिल्या दिवशी बापू बहुतेक झोपलेलेच होते. काल दुसरा दिवस. एकविसावा अध्याय वाचताना मी शिरोळच्या बाईपाशी आलो आणि आवाज जरा दाटला. पोरगं जिवंत होतं तिथवर वाचून थांबलो. बापूंनी डोळे उघडले आणि विचारलं, "त्या बाईचं डोकं फुटलं व्हतं, त्याचं काय झालं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी पोथी मागे उलटून पाहू लागलो. त्यांची बायको पदराने तोंड झाकून हसली, मुलगाही हसला. मी म्हटलं, "बापू, उद्या पाहून सांगतो." ते म्हणाले, "सांगा. मी हाये."

हा मजकूर मंडळाकडे देऊन आता मी तिकडेच निघालोय. आज तिसरा दिवस, बावीस ते एकोणतीस.

॥ श्रीगुरुदत्तात्रेयार्पणमस्तु ॥