बांधला कोण?

आता कोणी म्हणेल, ‘अहो, उंच वाढणाऱ्या पाइनला कुंडीत कोंडायचे, मुळे छाटायची, फांद्यांना तार गुंडाळायची, हा छळच नव्हे काय?’ हा झाला पूर्वपक्ष. पण पाहा, कुंडीत माती ती केवढी! उन्हाळ्यात पाणी चुकले की झाड सुकते. मग बांधला कोण, झाड की माळी?

हिरोशिमाच्या यामाकी घराण्यात १६२५ सालापासूनचा असा एक पाइन होता. १९४५ च्या अणुबॉम्बातूनही तो वाचला. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ते झाड मासारू यामाकींनी १९७६ मध्ये देऊन टाकले, आणि तेही अमेरिकेला! बॉम्बची गोष्ट तिथे कळली ती २००१ मध्ये, नातू झाड पाहायला आले तेव्हा.

छाटणाराने आधी स्वतःला बांधून घ्यावे, आणि वेळ येताच ‘माझे’पण सोडावे. मग ती निगा, एरवी छळच. लेकरांना वळण लावणारांनीही एवढे ताडून पाहावे.