दारामागची नीतिमत्ता

माणसाची नीतिमत्ता देवळात तपासू नये, मोटारीच्या दारात तपासावी. देवळात सगळेच सज्जन असतात. पण दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे काय आहे, हे दार आणि मिस्त्री यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. ‘कुणी बघत नसताना चांगलं का वागावं?’ हा प्रश्न तत्त्वज्ञ शतकानुशतकं चघळताहेत. त्यांच्यापैकी कुणी जुनी गाडी दुरुस्तीला टाकली नसावी.

आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांकडे प्रीमिअर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या या गाडीला पद्मिनी हे नाव १९७४ साली मिळालं. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींनी रस्त्याचा निरोप घेतला आणि ह्यांना आपली पद्मिनी नव्यासारखी करण्याची उबळ आली. बाहेरचा रंग, क्रोमचा बंपर, सगळं झालं. उरलं आतलं.

आतलं म्हणजे काय? पत्र्याचा थरथराट थांबवायला डांबरी शीट, इंजिनाची धग आणि आवाज अडवायला गालिच्याखाली नमदा. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच. ते खालच्या भोकांतून निघून जावं आणि पुठ्ठा भिजू नये म्हणून त्यामागे प्लास्टिकचा कागद. मग रेक्झिन चढवलेला पुठ्ठा, आणि तो पत्र्याच्या भोकांत धरून ठेवणाऱ्या चिमुकल्या स्प्रिंगच्या क्लिपा.

खर्चाचा आकडा ऐकून गृहस्थ म्हणाले, “अहो, हे दिसणार कुणाला? चार स्क्रू मारा अन् मोकळे व्हा.”

मिस्त्री म्हणाला, “दिसणार नाही साहेब, पण ऐकू येईल.”

मी बी.कॉम. झालेला बँकेचा कारकून. एवढं सुटसुटीत नीतिशास्त्र मला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं. पण मनात शंका आलीच. हा तर खडखडाटाच्या भीतीचा सज्जनपणा झाला! मी विचारलं, “आणि गाडी नुसती प्रदर्शनात उभी राहणार असली तर? मग कोण ऐकणार?”

क्लिप दाबता दाबता तो म्हणाला, “कधीतरी दुसरा मिस्त्री हे दार उघडेलच की. त्यानं मला शिवी घालू नये.”

मला एकदम आमचं सस्पेन्स खातं आठवलं. ज्या रकमेचा उगम लागत नाही ती तिथं ठेवायची. पुढचा कारकून निस्तरेल! अर्धा देश याच खात्यावर चालतो. प्रत्येकजण आपला पुठ्ठा ठोकून पेन्शनीत जातो आणि खडखडाट पुढच्याच्या नावे टाकतो.

‘देव बघतो’ म्हणतात. बघतही असेल, पण त्याच्या मागे व्याप फार. आपल्यानंतर त्याच खुर्चीवर बसणारा, तेच दार उघडणारा माणूस मात्र हमखास बघतो. आपलं नाव त्याला माहीत नसतं; आपली लायकी बरोबर कळते.

गृहस्थांनी पैसे दिले. आता दार ‘धप्’ असा पोक्त आवाज करून लागतं. ते बिचारे अजून सगळ्यांना बंपरच दाखवतात.