सजावटीच्या आधीचा आकार

शालेय साहित्याच्या दुकानात हल्ली घन, शंकू, पिरॅमिड यांच्या छापील घडणी मिळतात. ठिपक्यांच्या रेषेवर दुमडायचे, पाकळ्यांना गोंद लावायचा, वरून चमकी पसरायची की ‘त्रिमितीय आकारांतून कला’ हा प्रकल्प तयार. वस्तू सुबक होते. पण ती करताना मुलाने ठरवले काय? फार तर रंग. आकाराविषयीचे सगळे निर्णय छापखान्यात आधीच झालेले असतात, आणि माझ्या मते या कामातली कला नेमकी त्या निर्णयांत आहे.

साधा घन घ्या. सहा चौरस कडेला कड जुळवून मांडण्याच्या 35 तऱ्हा आहेत. त्यांपैकी 11 तऱ्हांचाच दुमडून घन होतो. बाकीच्यांत एक पृष्ठ दुसऱ्यावर चढते आणि कुठली तरी बाजू उघडी राहते. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने 1525 साली मोजमापावरच्या ग्रंथात घनाकृती अशाच उलगडून दाखवल्या. हा ग्रंथ त्याने चित्रकारांबरोबर सोनार, शिल्पकार आणि पाथरवटांसाठीही लिहिला. आकार उलगडता येणे हा त्याच्या लेखी कारागिरीचाच भाग होता.

कागदाऐवजी काड्या घेतल्या तर गोष्ट आणखी रंगते. अरविंद गुप्ता यांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडण्याची युक्ती काढली. पुढे पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अशी खेळणी असंख्य मुलांपर्यंत पोचली. या पद्धतीने 12 काड्यांचा घन करा. बोट लावताच तो कलतो. त्याच 12 काड्या सोडवून अष्टफलक करा, म्हणजे आठ त्रिकोण आणि सहा सांधे. तो दाबला तरी जागचा हलत नाही. काड्या तेवढ्याच, जोडणी वेगळी. चौकोन कडांची लांबी न बदलता तिरका होऊ शकतो, त्रिकोण होऊ शकत नाही. घन उभा ठेवायचा तर कर्णाच्या काड्या घालाव्या लागतात आणि त्या घालताच त्याचे रूपही पालटते. मजबुती आणि सौंदर्य या इथे दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत.

बालवाडीचा जनक फ्रोबेल याच्या पद्धतीत वाटाणे आणि काड्यांचे असेच काम असे. अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलर सांगत असे की लहानपणी हे काम करताना नजर अधू असल्याने त्याने इतरांसारख्या चौकोनी आकृत्या केल्या नाहीत. हाताला जे टिकाऊ लागले ते त्रिकोण तो जोडत गेला. मॉन्ट्रियलच्या 1967 च्या प्रदर्शनातला त्याचा प्रचंड घुमट त्रिकोणांवरच उभा होता.

कामट्यांचा आकाशकंदील बांधणाऱ्यालाही हे भान लागते. दोऱ्याने आवळलेला चौकोनी सांगाडा डुलतो; पतंगाचा कागद खळीने ताणून चिकटवला आणि वाळला की तो आकार धरतो. ज्याला आपण सजावट समजतो तो कागद सांगाड्याचे काम करत असतो. झिरमिळ्या मात्र खरोखरच सजावट. हा फरक कळणे म्हणजे आकार कळणे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की कलेत मुलाला मोकळे सोडावे, भूमितीचे जोखड कशाला? पण छापील घडणीवर रंग भरण्याची मोकळीक फार तोकडी आहे. काडी आणि कागद मुलाला खरा विरोध करतात, आणि त्या विरोधातून वाट काढताना त्याची स्वतःची रीत घडते. दुसरा आक्षेप शिक्षकांचा: भरलेला वर्ग, अपुरा वेळ. तो खराच आहे. तरीही काम कमी करता येते. पाच आकार सजवून घेण्यापेक्षा एकच आकार स्वतः शोधू द्यावा.

आपल्या इंटरमीजिएट ड्रॉइंग परीक्षेत घनभूमिती आहे, म्हणजे चित्रकलेशी तिचे नाते आपल्याकडे मान्यच आहे. पण ती पट्टी-कंपासने कागदावर उतरते. कोणता सांधा कुठे ढळतो, हे तिथे हाताला कळत नाही. म्हणून प्रकल्पाचे गुण सुबकपणाला देण्याआधी मुलाला एक प्रश्न विचारावा: यातला कोणता भाग काढला तर हे पडेल? उत्तर देता आले, तर वस्तू वेडीवाकडी असली तरी तिचा आकार त्या मुलाने घडवलेला आहे.